नागमोडी काठ

"हात हलला की काच लगेच चुगली करते!" विद्यापीठात काचकला शिकवणारे सर हे वाक्य वर्षानुवर्षं मुलांच्या कानीकपाळी ओरडत आले होते. आणि त्या दिवशी, भट्टीतून काढलेल्या लालबुंद फुलदाणीचा काठ चिमट्यानं उघडून दाखवताना त्यांचाच हात थरथरला. गोल यायचा तो काठ नागमोडी झाला. सकाळीच बायको काकुळतीनं म्हणाली होती, "अहो, आता कंप लपणार नाही. विभागप्रमुखांना सांगून टाका ना!" पण भट्टी सुटेल या धास्तीनं सरांनी कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. आताही त्यांनी हात मुकाट्यानं खिशात कोंबले.

पुढच्या आठवड्यात मुलांनी आपापल्या फुलदाण्या टेबलावर मांडल्या. झाडून सगळ्यांचे काठ नागमोडी! सर ओरडणारच होते, पण ओरडून सांगणार काय, कपाळ?

तेवढ्यात वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी हिरमुसल्या चेहऱ्यानं पुढं आली.

"तुमच्याइतकी बारीक नागमोड काही केल्या जमत नाही, सर. असा हात बसायला किती वर्षं लागतात हो?"