बांधापलीकडचे पाहुणे

बस थांबली, दार उघडलं, आणि गंगूबाईनं पदर खोचला.

आजही खच्चून भरली होती. हिंजवडीच्या कंपनीतली पोरंपोरी खाली उतरली आणि जयाच्या हातचं गूळपाणी प्यायला मांडवात शिरली. जया म्हणजे गंगूबाईची धाकटी जाऊ. नेरे गावातल्या जमिनीची वाटणी झाली तेव्हा थोरलीनं विहिरीची बाजू राखली आणि धाकटीच्या पदरात खडकाळ टोक टाकलं. त्याच खडकावर जयानं मांडव घातला, चूल मांडली आणि 'एक दिवस शेतावर' अशी पाटी लावली. आता माणसं बैलगाडीत बसायला पैसे मोजत होती, पिठलं-भाकरी खाऊन बाजेवर लोळत होती आणि जाताना वर जयाचेच आभार मानत होती! पाणी गंगूबाईकडं आणि पाहुणे जयाकडं. हा हिशेब तिला झोपेतही जुळत नव्हता.

तोडगा तिनं दिवाळीतच काढला होता. रविवारी बस आली की बांधावर उभं राहायचं आणि तोंड सोडायचं. शहरातली नाजूक माणसं ती. भांडणाला भिऊन परत फिरतील, की उतरलीच पाटी.

"आगं ये जये! शिळं पिठलं किती जणांच्या गळ्यात मारशील? बांध कोरून मांडव घातलास, आता माज्या वट्यावर बी खांब रोवती का? भाकरी थापाया मी शिकवली तुला, तवा नकाशा व्हायचा नुसता!"

मांडवातली माणसं पेले टाकून उठली. पळाली, असं गंगूबाईला वाटलं. पळाली खरी, पण तिच्याच दिशेनं. कुणी मोबाईल वर धरला, कुणी टाळ्या पिटल्या. अपूर्वा नावाची मुलगी धापा टाकत म्हणाली, "काकू, ऑफिसमध्ये सगळे सांगतात, जेवण चुकलं तरी चालेल, बांधावरच्या काकू चुकवू नका!"

गंगूबाईनं मनाशी हिशेब केला. म्हणजे दिवाळीपासून घसा फोडफोडून ती जयाचा धंदा बुडवत नव्हती, वाढवत होती.

"बास! आजपासनं एक सबूद न्हाई," म्हणत ती तरातरा आपल्या ओट्यावर जाऊन बसली.

पाहुणे बांध ओलांडून मागोमाग आले. "काकू, रागावलात?" "अजून थोडं बोला ना!" दारात माणसं आली म्हटल्यावर गंगूबाईला गप्प बसवेना. तिनं ताकाचं भांडं काढलं. पोरंपोरी ओट्यावर दाटीवाटीनं बसली. अपूर्वानं विचारलं, "पुढच्या वेळी बस सरळ तुमच्याकडेच आणली तर?"

गंगूबाईनं बांधापलीकडं नजर टाकली. मांडव रिकामा होता. चुलीपाशी जया एकटीच उभी होती आणि तव्यावरची भाकरी करपत होती. मग जया उलथणं हातात घेऊनच बांधाकडं धावत सुटली.

"आक्का! बस माजी, पावणं माजं, आन बसवलं तुमच्या वट्यावर? वाटणीत हीर घेतली तेवढ्यानं मन भरलं न्हाई व्हय तुमचं? लई जळता माज्यावर!"

सगळे मोबाईल तिच्याकडं वळले.

गंगूबाईनं शांतपणे अपूर्वाच्या पेल्यात ताक ओतलं. "आवाज बारीक हाय जरा," ती म्हणाली. "पण नवी हाय. शिकंल हळूहळू."