चौघांचा माळा

चौथा माणूस शिडीवरून पोटमाळ्यावर सरकला, तसा मधला वासा करकरला. खाली उभ्या असलेल्या चिंतामणरावांनी मान वर केली. त्यांची सगळी नोकरी इमारतखात्यात ओव्हरसियर म्हणून गेली होती. लाकडाचा आवाज ते ओळखून होते.

फणसवाडीत भरदुपारी संचारबंदी पुकारली होती. संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा देत निघालेला मोर्चा पोलिसांनी नाक्यावरच फोडला आणि माणसं वाट फुटेल त्या चाळीत शिरली. माळ्यावर चढलेल्या चौघांत चिंतामणरावांचा मुलगा अच्युत होता. बाकीचे तिघे त्याच्या कचेरीतले.

सून दुर्गा शिडी काढून घेणार, इतक्यात दारात आणखी एक जण उभा राहिला. पन्नाशीचा, धोतर फाटलेलं, एक पाय ओढत चालणारा. आपण कुशाबा, लालबागला गिरणीत असतो, एवढंच त्यानं धापा टाकत सांगितलं. दुर्गेनं शिडी पुन्हा टेकवली.

"नको," चिंतामणराव म्हणाले. "माळ्याला चौघांच्या वर भार द्यायचा नाही."

दुर्गेनं सासऱ्यांना कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. आता तिनं विचारलं, मग यांनी जायचं कुठं? एका खोलीत दुसरा आडोसा नव्हता. चिंतामणराव तिच्याकडे न बघता सांगत राहिले : माळा सामानासाठी बांधलेला, वासे जुने, भिंतीकडच्या टोकाला वाळवी. कुशाबानं ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ऱ्हवांदे," तो म्हणाला. "माळो मोडलो तर सगळेच गावतले."

आणि पाय ओढत जिन्याकडे गेला.

थोड्याच वेळात दोन पोलीस आत आले. त्यांनी कॉटखाली काठी फिरवली. मग एकानं माळ्याच्या पडद्याकडे बोट दाखवून शिडी मागितली. दुर्गा जागची हलली नाही. तेवढ्यात वाडीच्या तोंडाशी गोळी झाडल्याचा आवाज झाला आणि दोघेही धावत खाली गेले.

तासाभरानं शेजारच्या शामरावांनी दारातूनच बातमी दिली. एक लंगडणारा माणूस गोळी लागून वाडीच्या तोंडाशी, नळापाशी पडला होता. गाडीत घातला तेव्हा हालचाल नव्हती.

चौघे खाली उतरले. कचेरीतल्या तिघांनी चिंतामणरावांना वाकून नमस्कार केला. तुमच्या अनुभवामुळे आम्ही वाचलो, असं एकानं बोलूनही दाखवलं आणि ते मागच्या जिन्यानं निघून गेले. दुर्गेनं अच्युतला पाणी दिलं. मग ती सासऱ्यांपुढे येऊन उभी राहिली.

"मामंजी, पाचव्या माणसानं माळा खरंच मोडला असता?"

चिंतामणरावांनी माळ्याच्या वाशांकडे पाहिलं. मग त्यांनी सांगितलं, की लाकूड किती वजनाला मोडेल ते आधी काढतात आणि कागदावर त्याच्या निम्मं लिहितात. निम्मं हातचं राखायचं, ही खात्याची रीतच. तीस वर्षं तोच आकडा तोंडी बसलेला.

"पण वाळवी होती ना?"

"वाळवी धरूनच आठ; त्याचे निम्मे चार," ते म्हणाले.

अच्युतनं तोंडाशी नेलेला पेला तसाच खाली ठेवला.