हातभर खाली

पन्नाशी उलटल्यापासून बायकोला घर टोचायला लागलंय. आधी पलंग फिरवला, मग दिवे बदलले. परवा सुताराला बोलावून तिनं स्वयंपाकघरातली फळी हातभर खाली आणली. "पंचवीस वर्षं चहाच्या डब्यासाठी तुम्हाला हाका मारतेय. आता माझा हात पुरतो," ती म्हणाली. "भिंती तेवढ्या हलवायच्या राहिल्यात," मी म्हणालो. काल सकाळी हाक आलीच नाही. पेपरातली एकच बातमी मी चारदा वाचली. शेवटी आत गेलो, तर चहा गाळून तयार. "काही हवंय का?" तिनं विचारलं. "काही नाही." भिंतीत वर जुन्या फळीची रिकामी भोकं दिसत होती. संध्याकाळी ती फिरायला गेल्यावर मी चहाचा डबा उंच कपाटावर ठेवला. आज सकाळी पेपर धरून, कान स्वयंपाकघराकडे लावून बसलो. भांडी वाजली, एकदम थांबली. मग कपाटाकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.