पुन्हा घेते

इंदुबाईंनी फर्माइशीची चिठ्ठी वाचली आणि हार्मोनियमवाल्या दामलेंकडे रागाने पाहिलं. "हेच गाणं बरं सुचतं लोकांना."

"पिंगळा कॅसेट्सच्या गाण्यांत सगळ्यांचं आवडतं तेच आहे, बाई. पट्टी खाली घेऊ का?"

"काही गरज नाही. आहे त्याच पट्टीत गाते."

ती छोटी कंपनी मालकाच्या माडीवरच चालायची. तिथे हे गाणं रेकॉर्ड करताना इंदुबाई अंतऱ्यात चुकल्या आणि "थांबा, पुन्हा घेते" म्हणाल्या. ते कापायचं राहिलं आणि कॅसेट तशीच घरोघरी गेली. त्या लाजेने त्यांनी मैफलीत हे गाणं कधीच घेतलं नव्हतं.

आज फर्माइश मोडवली नाही. मुखडा छान रंगला. अंतऱ्याच्या वरच्या सुरावर मात्र थकलेला आवाज फाटला. इंदुबाई थांबल्या. तबलाही थांबला.

तेवढ्यात सगळं सभागृह एका सुरात म्हणालं, "थांबा, पुन्हा घेते." अगदी त्यांच्याच ठसक्यात. लोकांना ते गाण्यातलीच ओळ म्हणून पाठ होतं.

इंदुबाई आधी दचकल्या, मग तोंडाला पदर लावून पोटभर हसल्या.

"दामले, घ्या हो पट्टी खाली," त्या म्हणाल्या. "पुन्हा घेते."