नववा प्रश्न

सरकारी रुग्णालयात मोतीबिंदूच्या नव्या ऑपरेशनचा अभ्यास चालू होता आणि शिंपीकाकांचं गणित काही जुळत नव्हतं. तक्त्यावरची सगळ्यांत बारीक ओळ ते धडाधड वाचत. पण 'घरी आलेलं माणूस दारातच ओळखू येतं का?' या प्रश्नावलीतल्या नवव्या प्रश्नाला त्यांचं उत्तर ऑपरेशनआधीही 'नाही' होतं आणि नंतरही 'नाही'च. म्हणून संशोधक मुलीने त्यांना पुन्हा बोलावून घेतलं.

"परत डोळ्याला हात लावणार का हो, ताई?" काकांनी बिचकत विचारलं.

"गरज पडली तर लावावा लागेल. खरं सांगा काका, दिसतं कसं?"

"तुमच्या ॲप्रनचं तिसरं बटण वेगळ्या दोऱ्याने लावलंय. लावणाऱ्याचा हात काही बसलेला नाही."

"मीच लावलंय," ती हसली. "मग दारातलं माणूस का ओळखू येत नाही?"

"कोणी आलं तर ओळखेन की. पण बायको गेल्यापासून कोणी आलेलंच नाही. तुम्ही हो की नाही एवढंच विचारलंत, मग खोटं कसं सांगू?"

तिने 'नाही'वर आडवी रेघ मारली आणि समासात कारण लिहिलं. काका निर्धास्त होऊन घरी गेले. मग तिने कपाटातून 'ऑपरेशनचा उपयोग नाही' असा शेरा मारलेल्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा काढला. नवव्या प्रश्नाला 'नाही' म्हणणारे आणखी अकरा जण त्यात होते.

ऑपरेशननंतर एकाच्याही डोळ्यात दोष सापडलेला नव्हता.