राणीचा आवाज

मेनिलोस सासऱ्याच्या दारात उभा होता. आठ दिवसांपूर्वी त्याची बायको फिलिन्ना माहेरी निघून आली होती, आणि आज सूर्य मावळेपर्यंत ती परतली नाही तर सासरा तिला दुसरीकडे देणार होता. अथेन्समध्ये बापाला तेवढा हक्क असतो.

येताना त्याने पीथोला मधाची पोळी वाहिली होती. माणसाचं मन वळवणारी ही देवी. नट आणि पुढारी तिला कधी विसरत नाहीत. कालच नाटकात राणीचा मुखवटा चढवून त्याने संतापलेल्या राजाला असं काही वळवलं होतं, की नाटक बघायला टेकडीच्या उतारावर बसलेलं अख्खं शहर मुसमुसत होतं. मग एका बायकोचं मन वळवायला असा कितीसा वेळ लागणार?

तो बोलू लागला. विझलेली चूल, रिकामं अंथरूण, सुनं अंगण. बघता बघता गल्ली गोळा झाली. शेजारच्या कुंभाराने मातीच्याच हातांनी डोळे पुसले.

"जावईबापू, मला तर बुवा पटलं," बाहेर पायरीवर बसलेला सासरा म्हणाला. "पोरी, उघड गं दार."

आतून फिलिन्नाचा आवाज आला. "बाबा, बाहेर कोण बाई आलीय?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मेनिलोस चपापला. आवाज राणीचाच लागला होता. हातही तसेच छातीशी जुळले होते.

"वर्षभर घरात हीच बोलतेय," ती म्हणाली. "कधी राणी, कधी देवी, कधी कुणाची तरी विधवा. माझं ज्याच्याशी लग्न लावून दिलं, त्या माणसाची वाट बघून जीव शिणला हो माझा."

त्याने हात खाली सोडले. स्वतःचा आवाज काढला, तर तो घोगरा निघाला.

"फिलिन्ना, अगं... म्हणजे... परवा कांदे जळाले माझ्याकडून. करमत नाही गं मला."

"हे काय बोलणं झालं?" कुंभार पुटपुटला. "राणीच बरी होती." एकेक करून लोक पांगले. सासराही मान हलवत कुंभारामागून गेला.

मेनिलोस मात्र दारापासून हलला नाही.

दार उघडलं नाही. पण फळीच्या पलीकडून, अगदी जवळून, ती म्हणाली, "कांदे कसे जळाले? सावकाश सांगा."