टॅनर रोची बचत

सिंकमध्ये आठ कप पडले होते आणि एनिड हॅस्लम म्हणत होती, घरात मी एकटीच असते.

"एकटीला आठ कप?" गॅरेथने विचारलं.

"चहाबाज आहे मी, पोरा."

गॅरेथ पिलिंग गॅस कंपनीचा माणूस. सरकार डोक्यावर बसलं म्हणून कंपनीने या म्हातारीच्या भिंतींच्या पोकळीत ऊब धरणारं भरण फुकटात भरून दिलं होतं, माळ्यावर लोकरीचे जाड थर अंथरले होते. टॅनर रो या गल्लीतलं हे पहिलंच घर. इथे घर तापवायचा गॅस वाचला तर बाकीच्या घरांचं काम निघणार, नाहीतर अख्ख्या गल्लीवर काट. आणि बाईचा गॅस तर पूर्वीइतकाच जळत होता. कुठेतरी पाणी मुरत होतं.

दाराशी कोटावर कोट लटकले होते, त्यातला एक चांगल्या धिप्पाड पुरुषाचा. बाई भाडेकरू ठेवते की काय? की वर खोली तापवून गांजा पिकवते? मागे एका आजोबांकडे त्याने तेही पाहिलं होतं, आणि ते आजोबा हिच्याहून सोज्वळ दिसत होते.

वर कुणीतरी खोकलं.

"मांजर," एनिड म्हणाली.

"मांजर खोकतं?"

"म्हातारं झालंय बिचारं."

गॅरेथ जिन्याकडे वळला तशी ती लगबगीने आडवी आली. वर नुसता पसारा आहे म्हणाली, पण आवाज कापला. आता मात्र त्याची खात्रीच पटली. तो तिच्या बाजूने वाट काढून वर गेला आणि त्याने दार ढकललं.

आत छान उबदार होतं. पलंग भिंतीला सरकवलेला, आणि गल्लीतली सगळी म्हातारी मंडळी खेटून बसलेली. कुणी विणत होतं, कुणाचा डॉमिनोचा डाव अर्ध्यावर थांबला होता. चोरी पकडली गेल्यासारख्या सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"मीच यांना गप्प बसवलं होतं," एनिड म्हणाली. "काम एका घरासाठी दिलंत ना तुम्ही. म्हटलं, धर्मशाळा काढली म्हणाल आणि यांची घरं राहतील तशीच."

"हीटिंग लावणं परवडत नाही आम्हाला," मघाशी खोकलेला विल्फ ऑग्डेन म्हणाला. "सगळ्यांचीच बंद आहे. झोपण्यापुरते जातो घरी, गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून."

गॅरेथला स्वतःचीच लाज वाटली. चोर शोधत आला होता तो. आणि इथे एका घराच्या गॅसवर अख्खी गल्ली थंडी काढत होती! त्याने तिथूनच साहेबांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर सुरू केला.

"साहेब, योजना लागू पडलीय. बचत हॅस्लमबाईंकडे दिसत नाही, कारण ती शेजाऱ्यांकडे झालीय. सगळे दिवसभर इथेच बसतात म्हणून इथली हीटिंग चालूच असते, आणि त्यांचा गॅस जवळजवळ बंदच आहे. त्यांची कामं आता लगेच काढूया."

विल्फने खोकला दाबून धरला. पलीकडे साहेब कीबोर्ड बडवत होते.

"बरं झालं सांगितलंस," साहेब म्हणाले. "ती घरं यादीतून काढतो. जिथे गॅसच जळत नाही, तिथे आपण वाचवणार काय?"